सहा इंचांचं झाकण

टोयोटा टॅकोमा या अमेरिकी पिकअपचं बॉनेट उघडलं की पुढच्या एका कोपऱ्यात काळ्या प्लास्टिकचा डबा दिसतो. इंजिनाचा एअर फिल्टर त्यात बसतो. १९९५ ते २००४ या काळातल्या पहिल्या पिढीच्या, ३.४ लिटर इंजिनाच्या काही टॅकोमांमध्ये या डब्याच्या अंगावर एक गोल झाकण आढळतं. आट्यांचं, पाच-सहा इंच व्यासाचं, बोटांनी धरून फिरवता यावं म्हणून वर खाचा असलेलं. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ते तिथे नव्हतं. मुळात ते गाडीचं नाहीच, बोटीचं आहे. लहान बोटींच्या डेकमध्ये अशी झाकणं बसवतात. ती उघडून खालच्या पोकळीत हात घालता येतो, एखादा नट आवळता येतो, साचलेलं पाणी पाहता येतं, बोट किनाऱ्याला असताना आतला दमटपणा जाऊ देता येतो. बोटीच्या सामानाच्या दुकानात ती ‘डेकप्लेट’ म्हणून मिळतात. फिल्टरच्या डब्याला भोक पाडून ती तिथे बसवायची, एरवी उघडी ठेवायची आणि पाण्यात शिरण्यापूर्वी बंद करायची, एवढंच हे काम. टॅकोमा आणि तिच्याच घराण्यातली फोररनर चालवणारे त्याला ‘डेकप्लेट मॉड’ म्हणतात.

घरच्या गॅरेजमध्ये एका दुपारी उरकणाऱ्या कामांत याच्याइतकं विचारी काम मला दुसरं माहीत नाही. गाडीची ताकद वाढते म्हणून मी हे म्हणत नाही. ती फारशी वाढत नाही, आणि त्याचा हिशेब पुढे मांडतोच. मला हे काम भावतं ते त्याच्या रचनेसाठी. कुठे कापलं, किती कापलं, कापलेल्या जागी काय बसवलं, यातला एकेक निर्णय थांबून पाहावा असा आहे.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ डोळ्यांसमोर येते. भाजी, सिमेंट, मांडवाचं सामान वाहणारी. अमेरिकेत त्याच जातीची गाडी घरची गाडी असते. सोमवारी तिने कामावर जायचं, शनिवारी लाकूड आणायचं, सुट्टीत जंगलातल्या नाहीतर वाळवंटातल्या कच्च्या वाटेवर उतरायचं. पहिल्या पिढीची टॅकोमा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला बनायची. जनरल मोटर्स आणि टोयोटा मिळून चालवत असलेला तो कारखाना. आता त्या आवारात टेस्लाच्या गाड्या बनतात. या पिकअपचं सहा सिलिंडरी इंजिन ३३७८ सीसीचं, मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर १९० अश्वशक्ती देणारं. आजच्या मानाने हे आकडे साधे आहेत. पण हे इंजिन टिकतं. दोन लाख मैल ओलांडूनही शांतपणे चालणारी इंजिनं त्या गाड्यांत नवलाची नाहीत. मालक अशी गाडी बदलायचा विचार करत नाही, तिच्याबरोबर पुढची दहा वर्षं काढायचा करतो. डेकप्लेटमागचा स्वभाव त्यातून आला आहे. ज्या गाडीला जपायचं आहे तिच्यावर करवत चालवायची, तर हात आपोआप जपून चालतो.

कापण्याआधी मूळ रचना नीट पाहिली पाहिजे, कारण ती अडाणी नाही. फिल्टरच्या डब्याला हवा मिळते ती बाजूच्या मडगार्डच्या आतल्या पोकळीतून. डब्यातून एक नळी त्या पोकळीत गेलेली असते, आणि तिथे तोंड उघडून ती हवा ओढते. तीन गोष्टी या एका नळीने साधल्या आहेत. मडगार्डमधली हवा इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, म्हणून थंड. तोंड उंचावर आणि आडोशाला, म्हणून ओढ्यातून किंवा पावसाच्या डबक्यातून जाताना पाणी सहजी आत येत नाही. आणि तिसरी, जी बाहेरून कळत नाही, ती म्हणजे शांतता. इंजिन हवा ओढताना मोठा आवाज करतं. तो आवाज अरुंद नळीत आणि पोकळ्यांत दाबून टाकायची विद्या जुनी आहे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पोकळी आणि तिचा गळा मिळून कोणत्या सुराला प्रतिसाद देतात याचा अभ्यास केला. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमारा येतो त्याचंच ते गणित. गाडीचे अभियंते ते उलट्या अंगाने वापरतात. नको तो सूर पोकळीत अडकवायचा आणि केबिनमध्ये पोहोचू द्यायचा नाही. कारखान्याला ही गाडी शांत हवी होती, तशी ती झाली.

म्हणजे मूळ नळी अरुंद आहे ती कुणाच्या चुकीने नव्हे. थंडावा, कोरडेपणा आणि शांतता यांच्यासाठी थोडासा श्वास दिला गेला आहे. डेकप्लेट बसवणारा कारखान्याची चूक दुरुस्त करतो असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो कारखान्याने केलेला सौदा पुन्हा वाटाघाटीला काढतो, आणि तोही रोज, आपल्या हाताने.

आता काप. डब्याचे दोन भाग असतात, मध्ये फिल्टर. फिल्टरच्या एका बाजूला बाहेरची, धूळ असलेली हवा. दुसऱ्या बाजूला गाळलेली हवा, जी पुढे मोजली जाऊन सिलिंडरकडे जाते. भोक पाडायचं ते धुळीच्या बाजूच्या भागाला. हा या कृतीतला सर्वांत मोठा निर्णय आहे, आणि तो बरोबर असल्यामुळे बाकीच्या लहानसहान उणिवा माफ होतात. सिलिकॉन नीट लागलं नाही, झाकणाची रबरी रिंग कडक झाली, एखादा स्क्रू ढिला होऊन आत पडला, प्लास्टिकचा कीस राहून गेला, तरी पुढे फिल्टर उभा आहे. इंजिनापर्यंत काही पोहोचत नाही. हेच भोक दुसऱ्या बाजूला, चार इंच पलीकडे पडलं असतं, तर फटीतून आलेली बारीक रेती सिलिंडरच्या भिंती घासत राहिली असती आणि ते दीर्घायुषी इंजिन काही हजार मैलांत तेल खायला लागलं असतं. नवशिक्याच्या हातून चुका होणारच असं धरून जागा निवडली आहे. घरगुती कामाला हे शहाणपण फार शोभतं.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. या इंजिनात हवा किती आली हे मोजणारा सेन्सर फिल्टरच्या पुढे बसतो. आत एक तापलेली तार असते. वाहत्या हवेत तिला तापलेली ठेवायला किती वीज खर्च होते यावरून कॉम्प्युटर हवेचं वजन ओळखतो आणि त्या मापाने पेट्रोल सोडतो. डेकप्लेट या सेन्सरला हात लावत नाही. हवा कुठल्याही दाराने आली तरी फिल्टरच्या घड्यांतून गाळून, बऱ्यापैकी एकसारखी होऊन तारेपाशी येते, आणि मोजमाप खरं राहतं. बाजारात मिळणारे चकाकत्या नळीचे आणि शंकूच्या आकाराच्या फिल्टरचे तयार संच इथेच मला कमी पडतात. ते पूर्ण डबाच काढून फेकतात. नळीचा व्यास बदलला तर सेन्सरचं गणित हलतं. कापडी फिल्टरला हात सैल ठेवून तेल लावलं तर त्याचा थर तारेवर बसू शकतो. उघडा शंकू इंजिनाची तापलेली हवा ओढतो. शिवाय ओढा समोर आला तर त्या संचाला काहीही बंद करता येत नाही. दिसायला तो रुबाबदार असतो, हे मान्य.

किती कापायचं हा प्रश्न आकड्यांत मांडला तर आनंद वाढतो. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या घनफळाएवढी हवा घेतं. ४८०० फेऱ्यांना ३३७८ सीसीचा हिशेब मिनिटाला सुमारे ८१०० लिटर येतो. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८५ टक्के धरले तरी ६९०० लिटरच्या आसपास. मुंबईतली दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली हे इंजिन चार मिनिटांत रिकामी करील. ही हवा जर तीन इंची नळीतून यायची असेल तर तिचा वेग ताशी ९० किलोमीटर होतो. सहा इंची भोकाचं क्षेत्रफळ तीन इंचीच्या चौपट, म्हणून तिथून तीच हवा ताशी तेवीसच्या आसपास किलोमीटरने निवांत आत येते. वेग एक चतुर्थांश झाला की त्या वेगामुळे जाणारा दाब एक सोळांश होतो. कागदावर हे विलक्षण दिसतं.

पण मुळात जात काय होतं? ताशी ९० किलोमीटर वेगाच्या हवेचा गतीजन्य दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही नाही. वळणं, कडा, नळीचं तोंड यांचं नुकसान धरून त्याचं दोन-चार पट करा, तरी एक-दोन टक्के. १९० अश्वशक्तीतले ते दोन-चार घोडे, आणि तेही पाय पूर्ण दाबून ४८०० फेऱ्यांपाशी इंजिन नेलं तर. ‘बसवल्याबरोबर वीस घोडे वाढले’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या कानांनी त्याला तसं सांगितलेलं असतं. त्या कानांकडे आपण येऊच.

मायलेजही वाढत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल इंजिनात ताकद कमी-जास्त करायला थ्रॉटलची चकती असते. हायवेवर सारख्या वेगाने जाताना ती चकती अर्धवट मिटलेली असते. हवा अडवायचं मुख्य काम तीच करते. वरच्या अंगाला वाट मोकळी केली तर ड्रायव्हरचा पाय नकळत किंचित उचलला जातो, चकती तेवढीच अधिक मिटते आणि हिशेब जिथल्या तिथे. २००९ साली ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने अमेरिकेच्या ऊर्जा विभागासाठी मुद्दाम तुंबवलेले एअर फिल्टर लावून गाड्या तपासल्या. आधुनिक, कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणाऱ्या गाड्यांच्या मायलेजवर लक्षात येण्याजोगा परिणाम झाला नाही. गाडीचा उठाव मात्र मंदावला. तुंबलेल्या फिल्टरने जे बिघडत नाही ते मोठ्या भोकाने सुधारेल असं मानायला आधार नाही. (आपल्याकडच्या टर्बो डिझेल पिकअपला हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. तिथे ताकद मोजून सोडलेल्या डिझेलवर चालते, आणि हवा टर्बो ढकलतो.)

उष्णतेचा मुद्दा तर याहून कडक आहे. हवा दहा अंश सेल्सिअसने तापली की तिची घनता सव्वातीन टक्क्यांच्या आसपास घटते. भोकाने मिळवलेले एक-दोन टक्के बॉनेटखालची गरम हवा सहज गिळू शकते. सिग्नलला थांबलेल्या गाडीत तसं होतंच. गाडी वेगात असली की पुढच्या जाळीतून येणारा वारा तो कोपरा धुऊन काढतो आणि फरक कमी होतो. म्हणून भोक डब्याच्या कोणत्या अंगाला पाडलं आहे हे मी आधी पाहतो. इंजिनाच्या तोंडासमोर पाडलेलं भोक सोपं असतं, हात सरळ पोहोचतो, फोटोत छान दिसतं. पुढच्या दिव्याच्या बाजूला वळवलेलं भोक अवघड असतं. झाकण फिरवायला मनगट वाकवावं लागतं, सपाट जागा कमी मिळते. पण त्याला थंड हवा मिळते. ज्याने ही अडचण पत्करली त्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक होतं, एवढं नक्की.

मग उरतं काय, ज्यासाठी एवढं करायचं? आवाज.

सहा सिलिंडरांचं चार स्ट्रोकचं इंजिन दर फेरीला तीन श्वास घेतं. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०, आणि श्वास सेकंदाला १५०. हार्मोनियमच्या भाषेत पुरुष गायक पांढरी दोनमध्ये गातो तेव्हा त्याच्या मध्य षड्जाच्या अगदी लगतचा हा स्वर. ४८०० फेऱ्यांना तो २४० वर जातो, म्हणजे धैवताच्या परिसरात. कारखान्याची नळी आणि मडगार्डची पोकळी या स्वरांवर पांघरूण घालून ठेवते. झाकण उघडलं की पांघरूण निघतं. हळू चालवताना काहीच कळत नाही, कारण थ्रॉटलची मिटलेली चकती इंजिनाचा आवाज पलीकडेच ठेवते. चढ लागतो, पाय खाली जातो, चकती उघडते, आणि डॅशबोर्डच्या पलीकडून एक खोल, भरीव घुमारा उठतो. पाय काढला की तो त्याच क्षणी नाहीसा होतो.

मला हा आवाज फार आवडतो, आणि तो सायलेन्सर कापून काढलेल्या आवाजापेक्षा वेगळा का वाटतो हेही सांगता येतं. सायलेन्सरचा आवाज गाडीच्या मागून बाहेर पडतो. तो रस्त्यावरच्या सगळ्यांना, त्यांची इच्छा असो वा नसो, ऐकावा लागतो. श्वासाचा आवाज पुढून, बॉनेटखालून येतो आणि मुख्यतः चालवणाऱ्याला ऐकू येतो. शिवाय तो पायाशी बांधलेला आहे. सायलेन्सर फुटका असेल तर गाडी उभ्या जागीही आरडते. हा घुमारा मात्र काम पडल्याशिवाय बोलत नाही. चढावर गिअर कधी खाली घ्यायचा, इंजिन कुठे मोकळं वाटतं, कुठे त्याची दमछाक होते, हे तो कानाला सांगतो. शांत गाडीने ही माहिती ड्रायव्हरपासून काढून घेतली होती. ती परत मिळते, हे या कामाचं खरं देणं आहे असं मी म्हणेन. ताकद वाढल्याचा भास त्यातूनच होतो. माणूस तीन हजार फेऱ्यांना जे ऐकतो ते त्याला पाठीला जाणवल्यासारखं वाटतं.

या आवाजाला अमेरिकेत पूर्वज आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात व्ही-एट इंजिनांवर ताटासारखा गोल एअर क्लीनर असायचा, मधोमध एका नटाने आवळलेला. ते वरचं ताट उलटं करून बसवलं की कडेने फट पडायची, हवा चहूबाजूंनी थेट फिल्टरला मिळायची आणि कार्ब्युरेटरची गर्जना ऐकू यायची. शून्य खर्च, एक नट. १९७० च्या शेव्हर्ले शेव्हेल एसएसमध्ये तर कारखान्यानेच बॉनेटवर, काचेच्या बाजूला एक झडप दिली होती. पाय जोरात दाबला, इंजिनातला व्हॅक्यूम पडला, की झडप आपोआप उघडायची आणि काचेपाशी साठलेली दाबाची थंड हवा आत यायची. जुन्या अनेक युरोपीय गाड्यांच्या एअर क्लीनरवर उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची अशा दोन खुणा असत. मालकाने ऋतू पाहून तोंड वळवायचं, थंडीत गरम हवेकडे, उन्हाळ्यात गार हवेकडे. डेकप्लेट या घराण्यातली आहे. इंजिनाच्या श्वासाला एक ठरलेली वाट नसून परिस्थितीप्रमाणे दोन वाटा असाव्यात, ही कल्पना तिच्याकडे वारशाने आली.

तरीही बोटीचं झाकण गाडीत, हे ऐकायला विजोड वाटतं. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली. कमरेची मेखला गळ्यात आणि गळ्यातला हार कमरेला घातला तर हसंच होतं, असा त्याचा दाखला आहे. अलंकार कितीही मोलाचा असो, जागा चुकली की तो विद्रूप दिसतो. या कसोटीवर डेकप्लेट मला पूर्ण उतरलेली दिसते. बोटीच्या झाकणाकडून काय अपेक्षा असते? पातळ प्लास्टिकच्या भिंतीत बसावं. उन्हाने आणि पाण्याने खराब होऊ नये. हत्याराशिवाय, ओल्या हातानेही उघडावं. बंद केलं की रबरी रिंग दाबली जाऊन थेंब आत येऊ नये. फिल्टरच्या डब्याला अगदी हेच हवं होतं, एकही गुण जास्त नाही की कमी नाही. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात यापेक्षा योग्य वस्तू मिळाली नसती. जिन्नस दुसऱ्या घरचा, पण काम तेच. म्हणून तो उपरा वाटत नाही.

आणि आता झाकणाच्या मुख्य कर्तव्याकडे. भोक कुणीही पाडतो. डब्याच्या बुडाला ड्रिलने दहा-वीस भोकं पाडून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. आवाज त्यालाही येतो. पण ती भोकं मिटत नाहीत. ओढा ओलांडताना पंख्याने उडवलेलं पाणी बॉनेटखाली कुठेही जातं, आणि डब्यात घोटभर पाणी शिरून ते फिल्टरमधून ओढलं गेलं तर इंजिन संपतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, समोर पाणी असतं, आणि लोखंडी कनेक्टिंग रॉड वाकतो. हे एका फेरीत, सेकंदाच्या लहानशा भागात घडतं. डेकप्लेटचं झाकण लावलं की गाडी पुन्हा कारखान्याने ठरवलेल्या वाटेने, मडगार्डमधून, उंचावरून श्वास घेते. तेवढंच. झाकण म्हणजे स्नॉर्केल नव्हे. छतापर्यंत नेलेली नळी गाडीला जास्त खोल पाण्यात जाऊ देते, झाकण फक्त मूळची मर्यादा परत देतं. ही मर्यादा विसरून खोल पाण्यात उतरणाऱ्याला हे काम वाचवणार नाही. पण मूळची मर्यादा जशीच्या तशी परत मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! घरी केलेले बहुतेक बदल एकेरी असतात. हा बदल हाताच्या वळशाने मागे घेता येतो आणि तसाच पुन्हा करता येतो.

धुळीतही तेच. वाळवंटात पुढच्या गाडीच्या मागे जाताना उघडं भोक फिल्टरला लवकर तुंबवतं; तिथे झाकण लावावं. बर्फाचा भुरभुराट असेल तर लावावं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नक्की लावावं, कारण सहा इंची दार असलेली, कोरडी, कागदी घड्यांची जागा उंदरांना फार पसंत पडते. काही जण या भयाने भोकावर बारीक जाळी बसवतात. ती व्यवस्थित बसवली असेल तर मला चालते. नुसती तारेने गुंडाळलेली असेल तर ती काढून टाकलेली बरी.

कारागिरीबद्दल थोडं. चांगलं काम ओळखायचं तर झाकण काढून कडेवरून बोट फिरवावं. डबा गाडीतून बाहेर काढून, भोकाचं चित्र कागदावर काढून, तो कागद चिकटवून कापलेला असेल तर कड सरळ लागते. जागेवरच घाईने जिगसॉ चालवलेला असेल तर कडेला प्लास्टिक वितळून गाठी झालेल्या असतात. डब्याच्या भिंतीला बाहेरून ताकदीसाठी उभ्या पट्ट्या असतात. त्या जिथे प्लेटखाली येतात तिथे कानशीने सपाट केल्या आहेत की नुसतं सिलिकॉन भरून वेळ मारून नेली आहे, हे लगेच दिसतं. स्क्रू स्टेनलेसचे, आतून नट लावून आवळलेले हवेत. प्लेटची आतली कड फिल्टरच्या चौकटीला टेकत नाही ना, हेही पाहावं. हे सारं कुणाला दिसणार नाही अशा जागी असतं, आणि ज्याने तिथेही कानस मारली त्याच्या हाताबद्दल मला आदर वाटतो.

कायद्याची बाजू कॅलिफोर्नियात कठीण आहे. तिथल्या वाहन संहितेच्या २७१५६ क्रमांकाच्या कलमानुसार इंजिनाच्या धुरावर परिणाम करू शकणाऱ्या भागांत बदल करायचा तर त्या भागाला हवा मंडळाचा मान्यता-आदेश लागतो, आणि धुराच्या तपासणीत तपासनीस बॉनेट उघडून डोळ्यांनीही पाहतो. घरी कापलेल्या डब्याला असा आदेश कुठून येणार? झाकण घट्ट लावलं तरी डबा मूळचा राहत नाही. म्हणून तिथे जाणते लोक भंगारच्या आवारातून दुसरा डबा आणून त्याच्यावर करवत चालवतात आणि अस्सल डबा जपून ठेवतात. मला वाटतं, कायदा नसता तरी हीच रीत उत्तम होती. भारतात मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्याला फारशी जागा ठेवत नाहीत, हे इथल्या वाचकाने हातात ड्रिल घेण्यापूर्वी लक्षात ठेवावं.

एक उणीव राहते, आणि ती मी नजरेआड करत नाही. शेव्हेलची झडप पाय दाबताच स्वतः उघडायची आणि स्वतः मिटायची. इथे सगळं माणसाच्या आठवणीवर आहे. उघडलेलं झाकण कुठेतरी ठेवावं लागतं. ते सीटखाली गेलं की दोऱ्या, पाने, पाण्याच्या बाटल्या यांच्यात हरवतं, आणि ओढ्याच्या काठावर संध्याकाळ होत आलेली असताना माणूस ते शोधत बसतो. काही डेकप्लेटना झाकण बांधून ठेवायला दोरी असते, पण बॉनेटखाली लोंबणारं झाकण पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ मला नको वाटतं. मी पाहिलेली सर्वांत चांगली तोड अगदी सोपी होती. डब्याच्या शेजारी, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर त्याच मापाची दुसरी प्लेट बसवली होती. तिच्यामागे काहीच नव्हतं, भोकही नव्हतं. उघडलेलं झाकण तिच्यात फिरवून ठेवायचं, आणि पाणी दिसलं की तिथून काढून इकडे लावायचं. बॉनेट उघडताच झाकण दोन जागांपैकी कुठे आहे हे एका नजरेत कळायचं.